अठ्ठावीस दिवसांचा महिना

माझ्या दुकानातलं पहिलं यंत्र इमानदार होतं. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमधलं मीटर. गिऱ्हाईक काचेच्या आत उभं राहून बोलायचं आणि लाल आकडे त्याच्या डोळ्यांदेखत पळायचे. आकडा वाढला की माणूस आपोआप मुद्द्यावर यायचा. "बरं ठेवतो, मीटर पळून राहिलं," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. बोलणं झाल्यावर पैशावरून कुणी हुज्जत घातल्याचं मला आठवत नाही. जे झालं ते दोघांसमोर झालेलं असायचं.

मग मोबाइल आले. बूथची काच काढून मी तिची शोकेस केली आणि पुढची वीस-एक वर्षं अर्धापुरात, बसस्टँडकडून गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत, ज्यांचं मीटर गिऱ्हाइकाला दिसत नाही अशा कंपन्यांचा माल विकला. त्यांची नावं लिहीत नाही. अर्ध्या एकमेकींच्या पोटात गेल्या, आणि उरलेल्यांत उजवं-डावं करण्यासारखं काही नाही. नुसतं 'कंपनी' म्हटलं तरी सगळ्यांना पुरतं.

लोकांना वाटतं, रिचार्जवाल्याला काय काम? नंबर विचारायचा आणि बटण दाबायचं. तर ऐका. कंपनी आधी माझ्याकडून पैसे घेते. तेवढा बॅलन्स माझ्या खात्यावर पडतो आणि त्यातून मी गावाला वाटून देतो. शंभराच्या रिचार्जमागं जे सुटतं त्यात धड चहा येत नाही. त्या कमिशनमध्ये भाडं, वीज आणि लोकांच्या शिव्या, सगळं बसवायचं. कंपनीला शिवी द्यायची म्हटलं तर ती राहते कुठं, हे कुणाला ठाऊक? मी मात्र रोज नऊला शटर वर करून समोर बसलेलो. त्यामुळं कंपनीच्या वाट्याच्या शिव्या मी खाल्ल्या आणि नफा तिनं खाल्ला. मुरुडला माझे मेहुणे हाच धंदा करतात. लग्नकार्यात भेटलो की आम्ही दोघं फक्त कुणी काय शिवी नवीन दिली तेवढंच एकमेकांना सांगतो.

दर आठवड्याला नांदेडहून कंपनीचा एरिया साहेब यायचा. उन्हाळ्यातसुद्धा टाय. त्याचा पहिला प्रश्न, "काका, टार्गेटचं काय?" आणि दुसरा, "काका, पाणी आहे का थंड?" माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं सांगायला लागलो की त्याला दुसरा फोन यायचा.

एक मजा सांगतो, म्हणजे या धंद्याची नियत कळेल. एक काळ असा होता की फोनवर चांदणीचं बटण चुकून दाबलं गेलं तरी कंपनी तुमच्या नंबरला गाणं लावून द्यायची आणि त्याचे पैसे रोज कापायची. दत्तोबा सुतारांच्या फोनला असंच एक गाणं चिकटलं. वरातीचं, ढोलकीवरचं. त्याच आठवड्यात दत्तोबांचे वडील वारले. सोयरेधायरे सांत्वनाला फोन लावायचे आणि कानात वरात वाजायची. बिलोलीचे व्याही तर इतके रुसले की दहाव्याला आले नाहीत. "बाप मेल्याचा आनंद करून राहिले का?" असा त्यांनी निरोप धाडला.

दत्तोबा माझ्या दुकानात येऊन बसले. तिथंच गुरुजी पेपर वाचत होते. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. पेपर माझा, चहा माझा, मतं त्यांची. म्हणाले, "आणा तो फोन, मी कंपनीशी बोलतो." यंत्र म्हणालं, मराठीसाठी दोन दाबा. गुरुजींनी दोन दाबलं. यंत्र हिंदीत सुरू झालं. मग सनई वाजली, आणि तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं पुनःपुन्हा सांगत राहिली एक बाई. गुरुजी दरवेळी तिला म्हणायचे, "महत्त्वाचा आहे तर उचला की." शेवटी खरी माणसातली मुलगी आली आणि म्हणाली, ही सेवा ग्राहकांनी स्वतः मागितली आहे.

"बाई," गुरुजी म्हणाले, "ग्राहकाचा अंगठा रंधा मारून मारून एवढा जाड झालाय की एका वेळी तीन बटणांवर पडतो. त्यानं तुमच्याकडं काही मागितलेलं नाही."

मुलगी म्हणाली, पुढच्या वेळी ग्राहकांनी काळजी घ्यावी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. कापलेले पैसे आले नाहीतच. व्याह्यांना समजवायला दत्तोबांना बिलोलीला जाऊन यावं लागलं, ते भाडं वेगळं.

असल्या गोष्टींवर आम्ही हसलो. हसण्यावारी नेण्याची सवयच लागली होती. पण एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर मला अजून हसता येत नाही, आणि हा लेख लिहायला बसलो तो खरं म्हणजे तिच्यासाठी.

जवळच्या खेड्यातले मारोतराव केळीच्या बागांत मजुरीला होते. घड उतरवायचे, खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत न्यायचे. बायको गोदाबाई त्याच बागांत निंदणी-खुरपणीला. एकुलता एक मुलगा बालाजी, बारावीत. त्या वेळी कंपनीनं 'लाइफटाइम' नावाचं सिम काढलं होतं. एकदाच पैसे भरा, जन्मभर येणारा फोन फुकट. ज्यांना कुणाला फोन लावायचा नाही, फक्त आला तर घ्यायचा आहे, अशा गरिबांसाठी ते सोन्यासारखं वाटायचं. मी ढिगानं विकली. मारोतराव, गोदाबाई आणि बालाजी तिघं मिळून आले होते सिम घ्यायला, सणाच्या कपड्यांत.

"जन्मभर म्हंजी कुणाच्या जन्मभर?" मारोतरावांनी विचारलं होतं.

"तुमच्या," मी म्हणालो, आणि सगळेच हसलो.

घरी जाऊन बालाजीनं तो नंबर चुन्याच्या भिंतीवर कोळशानं मोठा लिहून ठेवला. आईबापाला पाठ व्हावा म्हणून. त्यांना झाला की नाही कोण जाणे, त्याला झाला.

पुढं बारावीत पोरगा नापास झाला. बापानं त्याला बागेत कामाला नेलं. दुसऱ्याच दिवशी पोरगा ट्रकपाशी, सगळ्या मजुरांसमोर, "मी घड उचलणार न्हाई" म्हणाला. मारोतरावांनी कानाखाली वाजवली. संध्याकाळपर्यंत पोरगा घरी आला नाही, आणि नंतरही आला नाही. पोलिसात दिलं, पाहुण्यांत शोधलं. पत्ता नाही. घरातल्या फळीवर तो बटणांचा फोन होता आणि भिंतीवर नंबर. दोघांचा सगळा भरवसा त्या फळीवर.

आणि नेमकं त्याच सुमारास कंपनीनं लाइफटाइम बंद केलं. गरज सरो, वैद्य मरो. गावंच्या गावं पदरात पडेपर्यंत फुकटाचं गाजर होतं, पडल्यावर ते उचलून घेतलं. मी एरिया साहेबाला विचारलं, लोकांना मी जन्मभर म्हणून सांगितलंय, आता काय तोंड दाखवू? तो म्हणाला, "काका, लाइफ म्हणजे कंपनीच्या लायसनची लाइफ. बारीक अक्षरात आहे ते." जन्मभराचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आता येणारा फोन घ्यायलासुद्धा रिचार्ज मारणं भाग होतं. आधी मुदत संपल्यावरही आठवडाभर येणारे फोन लागायचे. मग ते दिवस कातरत कातरत आणले, आणि शेवटी मुदत संपली की त्याच दिवशी फोन मुका आणि बहिरा. दिवा लागतो, बटणं वाजतात, म्हणून वापरणाऱ्याला वाटतं चालू आहे. म्हणजे दारात पाहुणा यावा आणि परस्पर कुणी तिऱ्हाइतानं त्याला "घरात कुणी नाही" म्हणून लावून द्यावं, तसला प्रकार. आणि त्या तिऱ्हाइताला पैसे आपणच द्यायचे.

गोदाबाई आली तेव्हा मी हे सगळं शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं.

"भाऊ, मला कुणाला लावायचा न्हाई," ती म्हणाली. "त्याचा आला तर लागला पायजे, एवढंच बगा."

"मग रिचार्ज टाकत राहावं लागेल."

"किती दिसाला?"

"महिन्याला."

"दर महिन्याला का?"

"हाव, दर महिन्याला."

त्यानंतर ती दर महिन्याला आली. दर संकष्टीला दुपारी गणपतीचं दर्शन करायची, माझ्या दुकानाची पायरी चढायची आणि पदराच्या गाठीतून घामानं ओल्या झालेल्या नोटा काढून काउंटरवर ठेवायची. आजारी असली तरी आली, पावसात आली. संकष्टीला ती मजुरीला जायची नाही. उपास धरून घर सारवायची, मग देवळात. एवढ्या वर्षांत इतकं नेमानं येणारं दुसरं गिऱ्हाईक मला मिळालं नाही.

आता माझं पाप सांगतो. रिचार्ज टाकताना माझ्या स्क्रीनवर मागची मुदत कधी संपली ते दिसतं. गोदाबाईची नेहमी एक-दोन दिवस आधी संपलेली असायची. एकदा म्हणालोही, "गोदाबाई, दोन दिवस उशीर झाला."

"आज तर संकष्टी हाय भाऊ. महिना आजच भरला की."

"बरं, जाऊ द्या. दोन दिसानं काय होतंय," असं मी म्हणालो. माझ्याच तोंडानं.

एकदा मारोतराव एकटेच आले. बाहेर चप्पल काढून आत आले, कुणी देवळात येतं तसे. खिशातून फोन काढून माझ्यासमोर ठेवला.

"भाऊ, ह्यो चालू हाय का बगा बरं."

मी दुकानातल्या फोनवरून लावला. खणखणीत वाजला. त्यांनी तो उचलून कानाला लावला आणि समोरासमोर बसून माझ्याशी फोनवर "हॅलो" बोलले.

"चालू हाय म्हंजी पोरगंच लावीना," ते म्हणाले. "लई लागलं असंल त्याला. माणसांसमोर मारायला नव्हं पायजे होतं. एकडाव आला फोन तर मी बोलणार हाय त्याला तसं."

मी म्हणालो, येईल, फोन चालू आहे, काळजी करू नका. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या वीस वर्षांच्या दुकानदारीची कमाई म्हणायची तर हीच, की गाव माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचं. त्याच विश्वासाच्या गाडीत घालून मी कंपनीचे शब्द घरोघर पोचवले.

त्या पावसाळ्यात मारोतराव काविळीनं गेले. दोन संकष्ट्यांच्या मधे. पुढच्या संकष्टीला गोदाबाई आली, मोकळ्या कपाळानं. नोटा काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाली, "टाका."

मग तीन-चार महिन्यांनी एका दुपारी गुरुजी पेपर बाजूला ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत बसले. कंपनीनं पुन्हा दर वाढवले होते, त्याचा त्यांना राग.

"दिगंबरराव, वर्षात महिने किती?"

"बारा."

"तुमच्या कंपनीत तेरा. अठ्ठावीस दिवसांचा एक महिना धरला की वर्षात तेरा रिचार्ज. जगात पगार देताना सगळे महिने तीस-एकतीसचे, घेताना मात्र अठ्ठावीसचा. फेब्रुवारी सोडला तर असा महिना कुठल्या पंचांगात आहे, दाखवा मला. दर वाढवताना निदान बातमी तरी येते. हे तेरावं रिचार्ज म्हणजे न सांगता खिशात घातलेला हात आहे."

मी हसलो. त्या तेराव्याचं कमिशन मलाही मिळायचं, हे गुरुजींना सुचलं नाही, मी सुचवलं नाही.

"आणि मजा बघा," गुरुजी पुढं म्हणाले, "अठ्ठावीस म्हणजे बरोबर चार आठवडे. आज बाजाराचा दिवस असेल तर मुदत संपते ती चौथ्या बाजारी. महिना म्हणतच कशाला? सरळ चार बाजार म्हणा. आपल्याकडची अडाणी बाईसुद्धा चुकायची नाही."

त्यांनी हे असंच, गंमत म्हणून सांगितलं. माझ्या हातातला चहा मात्र तसाच राहिला. संकष्टी ते संकष्टी एकोणतीस दिवस, कधी तीस. मुदत अठ्ठावीस. म्हणजे दर महिन्याला, न चुकता, संकष्टीच्या आधीचा दिवस नाहीतर दोन दिवस, आणि खुद्द संकष्टीची सकाळ, गोदाबाईचा फोन मेलेला.

त्याच दिवशी मी बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'रिचार्ज दर चौथ्या बाजारी'. पुढच्या आठवड्यात एरिया साहेबानं ते वाचलं आणि म्हणाला, "काका, मंथली प्लॅन लिहा ना. कंपनीचं तसं ब्रँडिंग आहे."

"तुमचा मंथ तुमच्या घरी ठेवा," मी म्हणालो. "इथं बाजार चालतो."

त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही त्या दिवशी.

संकष्टीला गोदाबाई आली तेव्हा मी रिचार्ज टाकलं आणि सांगितलं, "आता संकष्टीची वाट बघू नका. चौथ्या बाजारी यायचं. मधे यावं वाटलं तर आधीच या, उशिरा नको."

"बाजार तर लक्षातच राहतो की," ती म्हणाली. "हप्त्याचे पैसे बी त्याच दिशी हाती येतात." का बदललं, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तेवढी हिंमत त्या दिवशी झाली नाही.

पुढच्या संकष्टीच्या आधीच्या बाजारी ती आली, मी रिचार्ज टाकलं. आणि संकष्टीला दुपारी पुन्हा दुकानात उभी राहिली. मी म्हणालो, "अहो, आज कशाला? परवाच टाकलंय."

"रिचार्ज न्हाई भाऊ. सांगायला आले." ती पायरीवरच बसली. "बालाचा फोन आला सकाळी."

मी काउंटरमागून बाहेर आलो. तिनं सांगितलं ते असं. नऊच्या सुमाराला ती भगर निवडत बसली होती. फळीवरचा फोन वाजला. आधी तिला कळेचना कुठं काय वाजतंय. उचलला तर, "आई, मी बाला." लातूरला आहे. डाळमिलमध्ये कामाला. रोजची एसटी जाते लातूरला, सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो. एवढ्याशा अंतरावर पोरगा होता.

"म्हणला, पयलं वरीस रागात व्हतो. मंग लावून बगाय लागलो. बापू उचलतील म्हणून भेव वाटायचं, तर संकष्टीलाच लावायचा. संकष्टीला म्या घरी असते, ते सकाळी बागेत गेलेले असतात, हे त्याला ठावं. मिलमधी कॅलेंडर हाय, त्याच्यावर बगून ठेवायचा. पाच-सहा संकष्ट्या लावला म्हणं. दर येळंला बाई सांगायची, ह्या नंबरची सेवा बंद हाय. त्याला वाटलं, आपल्याला घरचे पारखे झाले, फोनच काढून टाकला. आज उगं लावून बगितला, तर लागला."

मग म्हणाली, "पयलं काय इचारलं त्यानं, ठावं हाय का? बापू बागेत गेले का, म्हणला. मंग बोलू का, म्हणला."

ते तिला फोनवर सांगावं लागलं होतं.

गल्लीतून बायका पूजेची ताटं घेऊन देवळाकडं जात होत्या. गोदाबाई पदराची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

"भाऊ, एक इचारू का? तुम्ही महिन्याला म्हणाले व्हते. म्या कंदी चुकले का हो? एकांदा महिना राहिला का माझ्याकून?"

ती मला जाब विचारत नव्हती. स्वतःची चूक शोधत होती. कंपनीच्या त्या बाईनं, एरिया साहेबानं, बारीक अक्षर छापणाऱ्यानं, कुणीही एवढ्या वर्षांत जे केलं नाही ते ही बाई माझ्या पायरीवर बसून करत होती. मला लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

"नाही गोदाबाई. एकदाही नाही चुकलात."

"मंग?"

"महिना तुमचाच बरोबर होता. मी तुम्हाला खोटा सांगितला."

मग मी तिला अठ्ठावीस आणि तीस बोटांवर मोजून दाखवले. तिनं दोन बोटं उरली ती बघितली. उठली, पायात चपला सरकवल्या. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं. ती रागावली नाही. देवळाच्या दिशेनं दोन पावलं गेली आणि परत वळून म्हणाली,

"ह्यांला कळायला पायजे होतं भाऊ. पोरगं फोनच लावीना, असंच म्हणत गेले ते."